‘तू फक्त बसून राय’ म्हणणाऱ्यासोबत समुद्रावर जावे का?

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझे यजमान गेल्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. साडेचार एकर शेती आहे, त्यात कपाशी आणि तूर असते. मुले पुण्याला आहेत. यजमानांनी आता असे ठरवले आहे की, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात पलंग आणि ओटा बसवायचा, कोकणात एक शिडाची होडी विकत घ्यायची आणि दोन महिने कधी गाडीत, कधी होडीत राहत अलिबागपासून गोव्यापर्यंत किनाऱ्याने जायचे. निवृत्तीचे बरेचसे पैसे यात जातील. मला पोहता येत नाही. माझा चुलतभाऊ लहानपणी विहिरीत बुडून गेला, तेव्हापासून पाण्याची धास्ती आहे. जाण्याची इच्छा नाही असे नाही, पण भीती बोलून दाखवली की ते म्हणतात, ‘तुले काही करा लागत नाही, तू फक्त बसून राय.’ नातेवाईक हसतात ते वेगळेच. होकार देऊ की नकार?

उत्तर : ताई, होकार द्या, मात्र गुरुजी ज्या बेताला होकार मागत आहेत त्या बेताला देऊ नका. त्यांच्या मनातला प्रवास चांगला आहे, ऋतू साधला तर तो तुमच्या वयाला झेपणाराही आहे. त्यातल्या तीन गोष्टी तेवढ्या बदलायला हव्यात : होडी विकत घेणे, पहिल्याच खेपेला दोन महिने जाणे, आणि तुम्ही फक्त बसून राहणे. यातली तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते.

माझे घर वर्धा जिल्ह्यातल्या कापसाच्या गावात आहे. गेली सहा वर्षे मी आणि माझे यजमान, तुरीची गंजी झाकून झाली की, लहान व्हॅन घेऊन कोकणात जातो. पहिल्या वर्षी मीही बसून राहणारीच होते. रायगड जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक दिसत होती, म्हणून यांनी गाडी थेट खाली घातली आणि आम्ही चहा करायला थांबलो. चहा उकळेपर्यंत मागची चाके रिंगपर्यंत वाळूत बसली होती आणि भरतीचे पाणी चढायला लागले होते. हे मागून ढकलत होते आणि मला ओरडून सांगत होते की हळूच ॲक्सिलरेटर दाब. मी आयुष्यात कधी चालकाच्या जागेवर बसले नव्हते. मी घाबरून पाय दाबला तो तसाच धरून ठेवला. चाके जागच्या जागी गरगर फिरली आणि गाडी आणखी वीतभर खाली गेली. जवळच्या कोळीवाड्यातली माणसे धावून आली. त्यांनी टायरमधली निम्मी हवा सोडली, चाकांपुढे फळ्या आणि जाळ्यांची जुनी पोती टाकली, एक पोरगा सुकाणूवर बसावा तसा शांतपणे स्टेअरिंगवर बसला आणि बाकीच्यांनी दोर ओढला. गाडी वर आली तेव्हा पाणी सायलेन्सरला लागले होते. बसून राहणारे माणूस सुरक्षित असते हा समज माझा त्या संध्याकाळी कायमचा गेला, आणि परत आल्यावर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी शिकाऊ परवाना काढला.

तेव्हा ताई, पहिली अट ही घाला की गाडी तुम्हालाही चालवता आली पाहिजे. सध्या डवरणी-निंदणीचे दिवस आहेत आणि निघायला पाच-सहा महिने हातात आहेत. शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते, म्हणजे पोळ्याच्या सुमारास सुरुवात केली तरी दिवाळीपर्यंत तुमच्या हाती परवाना येईल. तुम्हाला सातशे किलोमीटर गाडी हाकायची नाही. गुरुजींची साखर उतरली, पाय मुरगळला किंवा रात्री ताप भरला तर दहा-पंधरा किलोमीटरवरच्या दवाखान्यापर्यंत नेता आली तरी पुरे. एवढे आले की दोघांमधले बोलणेही बदलते. मी गाडी शिकल्यानंतर यांनी घाटात गिअर कोणता ठेवायचा याविषयी माझे मत विचारले; त्याआधी कधी विचारले नव्हते.

आता गाडीचे. टेम्पो ट्रॅव्हलर दणकट गाडी आहे, पण तुमच्या कामासाठी ती मोठी पडेल. कोकणातल्या वाड्यावस्त्यांमधून जाणारे रस्ते दोन्ही बाजूंच्या चिऱ्याच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जातात आणि समोरून एस.टी. आली की कोणाला तरी पाव किलोमीटर मागे जावे लागते. लांब गाडी मागे घेणे हे अनुभवी चालकालाही नकोसे काम आहे, आणि तुम्ही तर नुकत्याच शिकलेल्या असाल. दोघांना पाय पसरून झोपता येईल अशी लहान व्हॅन पुष्कळ झाली. तिच्यात फेरबदल करण्याआधी मात्र प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन विचारा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने केलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. छत कापणे, आसने कायमची काढून टाकणे असे बदल पूर्वपरवानगीशिवाय केले आणि ते नोंदणी पुस्तकात चढले नाहीत, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणून सुताराकडून अशी फळी करून घ्या की जी नटबोल्ट न ठोकता बसेल आणि पाच मिनिटांत काढता येईल. आणखी एक वाट आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि तेव्हापासून सर्व सोयींच्या गाड्या भाड्याने मिळू लागल्या आहेत. चार दिवस अशी गाडी घेऊन बघा. गाडीत राहणे तुम्हा दोघांना मानवते की नाही हे त्या चार रात्रींत कळेल, आणि तेही पुंजीला हात न लावता.

गॅसविषयी मी थोडी कडक होऊन सांगते, कारण याबाबतीत माणसे फार निष्काळजी असतात. घरचे चौदा किलोचे सिलिंडर गाडीत नेऊ नका, पाच किलोचे लहान घ्या, ते पट्ट्याने घट्ट बांधा आणि स्वयंपाक शक्यतो गाडीबाहेर करा. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर निघून जात नाही, फरशीवर पाण्यासारखा साचतो, आणि झोपलेल्या माणसाच्या नाकाला वास लागेपर्यंत उशीर झालेला असतो. थंडी आहे म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवून झोपणे तर कधीही करू नये. त्या धुरातला विषारी वायू वासाशिवाय माणूस घेऊन जातो.

मुक्काम उघड्या किनाऱ्यावर किंवा सुरूच्या बनात करू नका. गावात घरगुती निवास चालवणाऱ्या कुटुंबांना विचारा. दिवसाचे ठरावीक पैसे घेऊन ते गाडी आवारात लावू देतात, स्वच्छतागृह आणि गोडे पाणी वापरू देतात, आणि सांगितले तर जेवूही घालतात. बाईमाणसासाठी रात्री-अपरात्री स्वच्छतागृह जवळ असणे ही किती मोठी गोष्ट आहे हे पुरुषांच्या आखणीत येत नाही, म्हणून ती अट तुम्हीच लिहून ठेवा. मालवणकडे तुम्हाला कोणी ‘गाडी खळ्यात लावा’ म्हणेल. आपल्याकडे खळे म्हटले की मळणीची जागा डोळ्यांपुढे येते. तिकडे घरापुढच्या सारवलेल्या अंगणाला खळे म्हणतात. मी पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा उगीचच माहेरी आल्यासारखे वाटले होते.

होडी विकत घेण्याचा विचार मात्र गुरुजींनी सोडून द्यावा. बैल घेतला की गोठा आला, वैरण आली आणि रोज पाणी दाखवणारा माणूस आला. होडीचेही तसेच आहे. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवावी लागते, तिच्या बुडाला चिकटणारे कालव खरवडावे लागतात, शीड आणि दोर खाऱ्या हवेत कुजतात, आणि हे सारे तुमच्या घरापासून शेकडो किलोमीटर दूर कोणी तरी तुमच्या वतीने करायचे असते. त्याहून मोठी अडचण अशी की, खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा कोठे सरकला आहे आणि खडक कोणत्या भरतीत बुडतात हे ज्ञान तिथल्या तांडेलाच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्याच्या, अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले असते. ते दोन महिन्यांत, तेही साठीच्या उंबरठ्यावर, विकत मिळत नाही. होडी तांडेलाची असू द्या.

शिडाच्या होडीत बसण्याची हौस त्यामुळे अपुरी राहील असे समजू नका. मुरूडजवळ राजापुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या आजही शिडावर चालतात. मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी आणि गोव्यात तासाच्या बोलीने तांडेलासह शिडाच्या नौका मिळतात. गुरुजींना स्वतः शीड हाकायला शिकायचे असेल तर आपल्या विदर्भाला त्यासाठी समुद्रही गाठावा लागत नाही : भोपाळच्या मोठ्या तलावावर राष्ट्रीय सेलिंग स्कूल आहे आणि हैदराबादला हुसेनसागरावर शिडाच्या नौकांच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात, तिथे शिकवणारेही आहेत. तलावाच्या पाण्यात भरती-ओहोटी नाही, लाटा लहान आणि काठ डोळ्यांसमोर. डिसेंबरमध्ये आठ दिवस तिकडे जा, आणि दोघेही जा.

दोघेही, असे मी मुद्दाम म्हणते. वारा भरला की शिडाची होडी एका अंगाला कलते. पहिल्यांदा बसलेल्या माणसाला वाटते की ही आता उलटणार, आणि ते जीव मुठीत धरून बसते. मी तर डोळे मिटले होते. शिकवणाऱ्याने शिडाचा दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, थोडा सैल सोडा. मी सोडला, शीड फडफडले, वारा निसटला आणि होडी उभी राहिली. पुन्हा ओढला, पुन्हा कलली. तीन-चारदा तेच केले तेव्हा हाताला कळले की हे कलणे माझ्या मुठीतून होते आहे. तुमच्या चुलतभावाचे दुःख कोणत्याही शिकवणीने जाणार नाही आणि ते जावे असेही मी म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या हातातल्या होडीत बसून वाटणारी भीती आणि दोर आपल्या हातात असताना वाटणारी भीती यांच्यात फार अंतर आहे. बाया या कामात कमी पडतात असे कोणी म्हणालेच तर नौदलाच्या ‘तारिणी’ची गोष्ट सांगा : 2017-18 मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी त्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली.

पोहणेही शिका. आपल्या गावांत मुलगे कमरेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले आणि मुली काठावर कपडे धूत राहिल्या, म्हणून आज आपल्या पिढीच्या बहुतेक बायकांना हातपाय मारता येत नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या तरणतलावात महिलांची वेळ वेगळी आहे का ते विचारा. सफाईने पोहता आले नाही तरी चालेल, पाठीवर पडून तरंगता आले आणि तोंडात पाणी गेले तरी न घाबरता श्वास घेता आला की माझ्या मते तुम्ही तयार झालात. होडीत बसताना लाइफ जॅकेट कशाला, असे तांडेलच म्हणाला तरी ऐकू नका. जॅकेट घातल्यावर गुरुजींना दोन्ही खांद्यांवर धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकत असेल तर ते सैल आहे आणि पाण्यात ते तुमच्याशिवायच तरंगेल. आणि होडीत साडी नको. भिजलेली साडी पायांभोवती गुंडाळते आणि ओल्या सतरंजीसारखी जड होते. सलवार-कुडता घाला, ओढणी गाडीत ठेवा. होडीवर क्षमतेचा आकडा लिहिलेला असतो, त्याहून एक माणूस जरी जास्त चढले तरी उतरून पुढच्या होडीची वाट बघा. मोबाइलमध्ये तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे क्रमांक आधीच घालून ठेवा.

केव्हा निघायचे याविषयी तुमची शेती आणि समुद्र यांचे सुदैवाने एकमत आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यंत्राच्या होड्यांना मासेमारीची बंदी असते, प्रवासी होड्या मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत बंद राहतात, आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावरच समुद्राला लागतात. त्यानंतरही घाई नको. 2009 मध्ये फयान वादळ नोव्हेंबरात आले होते, आणि 2020 मध्ये 3 जूनला निसर्ग वादळाने रायगडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हे दिवस सर्वांत शांत असतात. तोवर तुमचा कापसाचा शेवटचा वेचाही झालेला असेल आणि तूरही घरात आलेली असेल. संक्रांत आणि महाशिवरात्र यांच्या मधल्या दिवसांत जाऊन या. पहिल्या वर्षी तीन आठवडे पुरेत.

वाट उत्तरेकडून दक्षिणेकडे धरा, याला कारण आहे. या दिवसांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, सकाळी दहा-अकराच्या सुमारास ते पडतात आणि दुपारी वायव्येकडून खारे वारे सुरू होतात. म्हणजे दक्षिणेला निघालेल्या शिडाच्या होडीला वारा पाठीशी मिळतो. गाडीलाही हाच क्रम सोयीचा आहे. वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याजवळ समृद्धी महामार्ग धरा, त्याआधी टायरचे वय आणि हवा दाखवून घ्या, आणि मुंबईच्या अलीकडून अलिबागला उतरा. पुढे मुरूड, तिथून आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड या चार खाड्या गाडीसकट फेरीबोटीने ओलांडता येतात. ताई, या चार फेऱ्या प्रवासातला माझा सर्वांत आवडता भाग आहे. गाडी बोटीवर उभी करून कठड्याशी उभे राहिले की सावित्री किंवा वाशिष्ठी नदीचे पाणी दोन्ही अंगांनी उघडते आणि आपल्या अंगणातली व्हॅन पाण्यावरून जात असते. पूर्ण ओहोटीला मात्र धक्क्याचा उतार तीव्र आणि शेवाळलेला असतो, तेव्हा तासभर थांबून मग चढवा. पहिल्या वर्षी रत्नागिरीला प्रवास थांबवा, मालवण आणि गोवा पुढच्या खेपेला. तिथून आंबा घाट चढून कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेडवरून येणारा मिऱ्या–नागपूर महामार्ग आर्णीवरूनच जातो, तेव्हा परतीची वाट विचारावीसुद्धा लागणार नाही.

भरती-ओहोटीचा हिशोब तुम्ही तुमच्याकडे घ्या. कोकणात जुनी माणसे तिथीची पाऊणपट करतात : तिथीला तीनाने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, म्हणजे सुमारे सहा तासांनी, नऊला ओहोटी. रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. रायगड किनाऱ्याला हा हिशोब बराच जुळतो, मालवणकडे भरती काहीशी आधी येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा ते पुरते हटतही नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, पण भांगाच्या दिवसांत मध्ये पाणी राहते आणि परतीची वेळ चुकली तर किल्ल्यातच अडकून पडावे लागते. तुमच्या घरात भिंतीवर कालनिर्णय असेलच. आजपासून रोज सकाळी तिथी बघून अलिबागची भरती किती वाजता, हे गुरुजींच्या आधी सांगायची सवय करा. वाळूवर गाडी कधीच घालायची नाही, हे तर त्यांच्याकडून आत्ताच कबूल करून घ्या.

पैशांचे थोडक्यात. निवृत्तीची ठेव आणि शेत यांना हात लावू नका. होडी नाही, मोठी गाडी नाही, म्हणजे मोठा खर्च राहत नाही. लहान व्हॅन नंतर शेतावर आणि दवाखान्यालाही उपयोगी पडेल. नातेवाइकांच्या हसण्यावर मी शब्द खर्च करत नाही, तुम्हीही करू नका.

गुरुजींसाठी एक ओळ : सर, तुम्ही आयुष्यभर मुलांना नुसते बसवून ठेवले नसणार, फळ्यापाशी बोलावून खडू हातात दिला असणार. ताईंच्या हातीही दोर द्या. आणि दोघांनी मिळून एक नियम ठरवा की, सकाळी होडीत चढण्यापूर्वी दोघांपैकी कोणी ‘आज नको’ म्हटले तर कारण न विचारता तो दिवस किनाऱ्यावर काढायचा. आम्ही गेल्या वर्षी असे दोन दिवस काढले, एक माझ्यामुळे आणि एक यांच्यामुळे.

होडीत पोट ढवळते ते टाळण्यासाठी उपाशी निघू नका, होडीच्या मध्यभागी बसा, नजर क्षितिजावर ठेवा आणि आल्याचा तुकडा दाढेत धरा. गोळी घ्यायची असेल तर ती आपल्या डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तासभर आधी. राजापुरीला होडीत चढताना दोन्ही हात मोकळे असू द्या, लाट होडीला वर उचलते त्या क्षणी पाय टाका, आणि तांडेलाने पुढे केलेला हात मनगटाशी धरा.